घर विकता येते, पार्किंगचे काय?

घर विकायला काढले की जाहिरातीत खोल्या, मजला आणि चौरस फुटांच्या जोडीला दोन शब्द हमखास येतात: ‘कव्हर्ड पार्किंगसह’. फ्लॅट पाहायला आलेला माणूस खाली उतरतो, विकणारा हात दाखवून ‘ही आपली’ म्हणतो, आणि नेमकी तेव्हाच शेजाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते. कारण ती जागा इतकी वर्षे दोघे मिळून वापरत आलेले असतात. एकाची गाडी आत, दुसऱ्याची तिच्यामागे. किंवा एकाची चारचाकी आणि उरलेल्या कोपऱ्यात दुसऱ्याच्या दोन दुचाक्या. कागद कुणीच केलेला नसतो, कारण तशी वेळच आलेली नसते. आता मात्र एक जण निघून चालला आहे आणि जाताना ‘आपली’ या शब्दाची किंमत वसूल करू पाहतो आहे. अशा वेळी बहुतेकांना वाटते की हा वाद म्हणजे विक्रीत आलेले विघ्न, तेव्हा तो झाकून ठेवावा आणि व्यवहार उरकावा. खरे तर सामाईक पार्किंगचा प्रश्न सोडवायला घरविक्रीइतकी चांगली वेळ पुन्हा येत नाही. फक्त आपण काय विकू शकतो आणि काय नाही, हे त्याआधी दोन्ही घरांना स्पष्ट व्हायला हवे.

वाद इतक्या चटकन का पेटतो, हे जागेच्या मापावरून कळते. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत मोटारीच्या जागेचे माप अडीच मीटर रुंद आणि साडेपाच मीटर लांब असे होते, आणि निम्म्या जागा २.३ बाय ४.५ मीटरच्या ठेवायला मुभा होती. २.३ मीटर म्हणजे जेमतेम साडेसात फूट. साधी हॅचबॅक गाडी पावणेदोन मीटरच्या आसपास रुंद असते, म्हणजे दोन्ही अंगांना मिळून उरतात सुमारे ५५ सेंटिमीटर. त्यात एका बाजूला इमारतीचा खांब असेल तर दार अर्धवट उघडून, पोट आत घेऊनच बाहेर पडावे लागते. शेजाऱ्याने गाडी पांढऱ्या पट्ट्यापासून वीतभर आत घेतली तर हे जमते, पट्ट्यावर आणली तर जमत नाही. इतक्या वर्षांचे सामाईक पार्किंग चालले ते या वीतभर समजूतदारपणावर. नव्या मालकाची गाडी लांब-रुंद असली किंवा त्याच्याकडे दोन गाड्या असल्या, की ही वीत संपते.

ही समजूत दोन माणसांमधली असते, दोन घरांमधली नसते, आणि वादाचे मूळ तिथेच आहे. ‘तुम्ही लावा, आमची हरकत नाही’ या वाक्याला कायद्याच्या लेखी परवानगीचे मोल आहे, हक्काचे नाही. भाडेकरारामुळे ‘लीव्ह अँड लायसन्स’ हे शब्द घराघरांत माहीत झाले आहेत. त्यातले लायसन्स म्हणजे हीच परवानगी. तिचे नियम १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात आहेत, आणि त्यातल्या दोन गोष्टी इथे कळीच्या ठरतात. परवानगी मिळालेल्या माणसाला ती सर्वसाधारणपणे दुसऱ्याच्या नावावर करून देता येत नाही. शिवाय परवानगी देणाऱ्याने आपली मिळकत विकली, तर विकत घेणारा त्या परवानगीने बांधला जात नाही. म्हणजे शेजाऱ्याने तुम्हाला जागा वापरू दिली असेल तर त्याचा ग्राहक उद्या ‘मला माहीत नाही’ म्हणू शकतो. आणि तुम्ही शेजाऱ्याला वापरू दिली असेल तर तो ती सवलत आपल्या ग्राहकाला विकू शकत नाही. खरेदीखतावर सही झाली की जुनी समजूत दोन्ही बाजूंनी निकामी होते. पंधरा वर्षे सुरळीत चाललेली गोष्ट पंधरा दिवसांत कशी विस्कटते, याचे उत्तर हे आहे.

मग ‘आपली जागा’ म्हणजे नेमके काय? महाराष्ट्रातल्या जुन्या इमारतींपुरते याचे सर्वात महत्त्वाचे उत्तर दहिसर पूर्वेच्या एका खटल्यातून आले. नहालचंद लालूचंद या बांधकाम कंपनीचे म्हणणे असे होते, की पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतींखालच्या स्टिल्टमधल्या २५ जागा आपल्या आहेत आणि संस्थेने त्यांत लुडबूड करू नये. दिवाणी न्यायालय आणि उच्च न्यायालय या दोन्ही ठिकाणी हरल्यावर कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. ३१ ऑगस्ट २०१० रोजी निकाल लागला, तोही संस्थेच्या बाजूने. न्यायालयापुढचा प्रश्न वरवर शब्दांचा होता. बिल्डरच्या फ्लॅटविक्रीबाबतच्या १९६३ च्या मोफा कायद्यात फ्लॅटच्या व्याख्येत गॅरेजही येते. मग खांबांवर उभ्या इमारतीखालची मोकळी जागा गॅरेज होते का? न्यायालयाने ‘नाही’ म्हटले. स्टिल्टमधली किंवा आभाळाखालची जागा फ्लॅटही नव्हे आणि गॅरेजही नव्हे. ती इमारतीच्या सामाईक जागेचा भाग आहे आणि बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. बिल्डरलाच जे विकता येत नव्हते ते त्याच्याकडून ‘विकत घेतलेल्या’ सदस्याला पुढे कसे विकता येईल?

अर्थात सगळ्या इमारतींना हे एकच माप लावता येणार नाही. बांधकाम प्रकल्पांचे नियमन करणारा रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला आणि चित्र थोडे बदलले. त्या कायद्यात मोकळे पार्किंग सामाईक क्षेत्रात येते, तर छत आणि तीन बाजूंनी भिंती असलेल्या गॅरेजची व्याख्या वेगळी आहे. राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, जुलै २०२१ मध्ये परिपत्रक काढून बजावले की मोकळे पार्किंग पैसे घेऊन देता येणार नाही. गॅरेज किंवा आच्छादित पार्किंग देता येईल, मात्र त्याचा प्रकार, संख्या, आकार आणि ठिकाण करारात नमूद हवे. खांब आणि तुळयांमुळे गाडीच लावता येत नाही अशा तक्रारी आल्यावर २०२४ मध्ये लांबी, रुंदी आणि उंचीचा तपशीलही करारासोबत द्यायला सांगितले गेले. १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या अपार्टमेंटचा प्रकार पुन्हा निराळा. तिथे घोषणापत्रात, म्हणजे लोक ज्याला डिक्लरेशन डीड म्हणतात त्यात, काही जागा ठरावीक फ्लॅटसाठी राखीव दाखवता येतात. त्यामुळे वादाला तोंड फुटण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर पाहावीत: ही सोसायटी आहे की अपार्टमेंट, आणि बिल्डरबरोबरचा मूळ करार कोणत्या साली झाला. पुष्कळ भांडणांत दोन्ही शेजारी तावातावाने बोलत असतात आणि मूळ करार कुणीच उघडून पाहिलेला नसतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक असतो. ‘आम्ही बिल्डरला पार्किंगचे पैसे मोजले. त्यावर स्टॅम्प ड्युटी भरली. सरकारने ती घेतली. मग जागा आमची नाही कशी?’ पैसे गेले हे खरे आहे आणि फसवणुकीची भावनाही समजण्यासारखी आहे. पण मुद्रांक शुल्क दस्तावर लागते. दस्तात लिहिलेले सगळे विकणाऱ्याच्या मालकीचे आहे, असा दाखला त्यातून मिळत नाही. स्वतःजवळ असेल तितकेच दुसऱ्याला देता येते, हा मिळकतीच्या व्यवहाराचा पायाच आहे, आणि नोंदणी झाली म्हणून तो हलत नाही. दिलेल्या पैशांबद्दलची तक्रार बिल्डरविरुद्ध आहे. ते पैसे शेजाऱ्याच्या वाट्यातून किंवा नव्या ग्राहकाच्या खिशातून भरून काढायचे म्हटले, तर एका चुकीच्या व्यवहारातून दुसरा जन्माला येतो. तरीही त्या पावतीला काहीच मोल नाही असे म्हणता येत नाही. सोसायटीच्या सभेत जागावाटप ठरवताना कुणी कधीपासून कोणती जागा वापरली आणि कशाच्या भरवशावर फ्लॅट घेतला, हे विचारात घेणे न्यायाचेच आहे. पावती मालकी सिद्ध करत नाही, पण बोलणी करताना तिचे वजन पडते.

दुसरा आक्षेप वहिवाटीचा. ‘पंधरा वर्षे आमचीच गाडी तिथे लागते, आता ती आमची झाली.’ वहिवाटीने सुविधाधिकार मिळायला वीस वर्षांचा उघड, शांततेतला, अखंड वापर लागतो आणि तो हक्क म्हणून केलेला असावा लागतो, परवानगीने केलेला नव्हे. विरोधी ताब्याने मालकी सांगायला बारा वर्षांची मुदत आहे, पण तो ताबाही खऱ्या मालकाचा हक्क नाकारून घेतलेला हवा. सोसायटीने वाटून दिलेल्या जागेत, सोसायटीला दरमहा पार्किंग शुल्क भरून, सोसायटीचा स्टिकर काचेवर लावून कुणी गाडी उभी करत असेल, तर त्याचा प्रत्येक महिना ‘मी परवानगीने वापरतो’ हेच सांगत असतो. शुल्काची पावती मालकी बळकट करते असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती परवानगी बळकट करते. शेजाऱ्याच्या मेहेरबानीने लावलेल्या दुचाकीलाही हेच लागू आहे.

मालकी कुणा एकाची नाही म्हटल्यावर निर्णय सोसायटीकडे येतो. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पार्किंगवर स्वतंत्र कलमे आहेत. उपलब्ध जागा ‘आधी येईल त्याला आधी’ या तत्त्वाने द्याव्यात, एका सदस्याला एरवी एकच जागा मिळावी, आणि गाड्या जागांपेक्षा जास्त झाल्या तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप व्हावे, असा त्यांचा रोख आहे. दिलेली जागा सदस्याला विकता किंवा परस्पर दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. जागा नावावर असेल तर गाडी लावा वा न लावा, शुल्क भरावेच लागते. या तरतुदी कोरड्या वाटतात, पण त्यांत एक समंजस विचार आहे: टंचाईच्या वस्तूवर कायमचा कब्जा नको, वापराची पाळी हवी. प्रत्यक्षात अनेक सोसायट्या चिठ्ठ्या टाकत नाहीत आणि फ्लॅटबरोबर जागाही नव्या सदस्याला चालू ठेवतात. सर्वसाधारण सभेने तसे धोरण ठरवून इतिवृत्तात लिहिले असेल तर वादाला वाव कमी राहतो. पण ते धोरण केवळ सेक्रेटरींच्या तोंडी असेल तर विकणाऱ्याने ते गृहीत धरून ग्राहकाला शब्द देऊ नये, आणि शेजाऱ्यानेही ते गृहीत धरून स्वस्थ बसू नये.

विक्रीची वेळ वाद मिटवायला सोयीची का, याचे उत्तर प्रत्येकाच्या गरजेत आहे. एरवी दोन शेजाऱ्यांपैकी ज्याची गैरसोय होत नाही त्याला बोलणी करण्याचे काही कारण नसते. घर विकायला काढले की गणित पालटते. विकणाऱ्याला स्वच्छ कागद हवेत, कारण ग्राहकाचा वकील प्रश्न विचारणार आणि कर्ज देणारी बँक सोसायटीचे पत्र मागणार. राहणाऱ्या शेजाऱ्याला पुढच्या वर्षांची खात्री हवी. ग्राहकाला पहिल्याच दिवशी भांडण अंगावर घ्यायचे नाही. सोसायटीला नवा सदस्य दप्तरी घ्यायचाच आहे. चौघांनाही एकाच आठवड्यात तोडगा हवा असतो, असा योग एरवी जुळत नाही. शिवाय मिळकत हस्तांतराच्या १८८२ च्या कायद्यानुसार विकणाऱ्याला माहीत असलेला आणि ग्राहकाला साध्या चौकशीत न कळणारा मोठा दोष लपवता येत नाही. ‘जागा सामाईक आहे’ हे दडवून ‘स्वतंत्र पार्किंग’ म्हणून किंमत घेतली, तर शेजाऱ्याशी टळलेले भांडण ग्राहकाशी उभे राहते, तेही पैसे घेतल्यानंतर.

इथे शेजाऱ्याला एक मोह होतो: कमिटीला सांगून एनओसीच अडवावी. याने आपले काम होईल असे वाटते, पण ही वाट चुकीची आहे. आदर्श उपविधींप्रमाणे सदस्याने फ्लॅट हस्तांतराच्या इराद्याची १५ दिवसांची सूचना सोसायटीला द्यायची असते. हस्तांतराला एनओसी लागतेच असे नाही, आणि कुणी मागितली तर कमिटीने महिनाभरात गुणवत्तेवर विचार करायचा असतो. पार्किंगचा वाद हे फ्लॅटची विक्री रोखण्याचे कारण होत नाही, कारण फ्लॅट निर्विवाद विकणाऱ्याचा आहे. अडवणूक केली तर शेजाऱ्याची खरी बाजूही खंडणीसारखी दिसू लागते आणि सौद्याच्या घाईत असलेला माणूस तडजोडीऐवजी वकील शोधतो. त्यापेक्षा कमिटीला एक साधे पत्र द्यावे: अमुक क्रमांकाची जागा दोन फ्लॅट इतकी वर्षे अशा रीतीने वापरत आले आहेत, विक्रीला आमचा विरोध नाही, मात्र नव्या सदस्याला जागेबद्दल पत्र देण्याआधी या वापराची नोंद व्हावी आणि आम्हाला बोलावून निर्णय घ्यावा. पत्राची पोच घ्यावी आणि एक प्रत विकणाऱ्याला स्वतः नेऊन द्यावी. या पत्राने सौदा अडत नाही. ग्राहकाला फक्त खरी वस्तुस्थिती कळते.

तोडगा कसा लिहावा हे एका उदाहरणातून पाहू. समजा, ३०१ आणि ३०२ या दोन फ्लॅटना मिळून एक लांब जागा आहे, गाड्या मागे-पुढे लागतात आणि ३०१ विकला जातो आहे. ‘दोघांनी सामंजस्याने वापरावी’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण सकाळी आठ वाजता ते उपयोगी पडत नाही. आतली जागा कुणाची, की दर सहा महिन्यांनी अदलाबदल करायची; मागच्या गाडीची दुसरी किल्ली कुणाकडे राहील; गावाला जाताना गाडी कुठे उभी करायची; भिंतीकडच्या पट्टीत दुचाकी चालेल का; गाडीची लांबी किती असावी, म्हणजे मोठी एसयूव्ही आणून दुसऱ्याची जागा खाल्ली जाणार नाही; एकाकडे गाडी नसली तर त्याचा भाग कमिटी कुणाला देईल; शुल्क निम्मे-निम्मे की फ्लॅटगणिक, हे सगळे एका पानावर यावे. त्यावर दोन्ही घरांच्या, येणाऱ्या ग्राहकाच्या आणि कमिटीच्या सह्या व्हाव्यात, सोबत मापांसह छोटा नकाशा असावा, आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत त्याचा ठराव व्हावा. मग विक्री करारात ‘एका कव्हर्ड पार्किंगसह’ असे मोघम लिहिण्याऐवजी म्हणता येते: ‘पी-७ या जागेच्या वापराची परवानगी सोसायटीने दिलेली असून ती सदनिका ३०२ सोबत सामाईक आहे, त्याबाबतचा ठराव व वापराचे पत्र सोबत जोडले आहे, जागेची मालकी या कराराने विकली जात नाही.’ एवढ्या मजकुराने किंमत थोडी घटेल, ही विकणाऱ्याची भीती रास्त आहे. पण जी घट होईल ती मुळात नसलेल्या वस्तूची आहे, आणि वाद नाही ही खात्री ग्राहकाच्या दृष्टीने मोलाचीच असते.

बोलणी फसली तर पुढचा रस्ता आहे, पण तो लांबचा. सदस्य आणि सोसायटी, किंवा सदस्य आणि सदस्य यांच्यातले कारभाराविषयीचे वाद १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातात. पार्किंगचे वाद तिथले असल्याचे आदर्श उपविधींतही म्हटले आहे. उपनिबंधकांकडे अर्जांमागून अर्ज करणारे अनेक जण चुकीच्या दारात उभे असतात. विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल होण्याआधीही लोकअदालतीत प्रकरण ठेवता येते आणि तिथे झालेल्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ मिळते. म्हणून दोन्ही बाजू बोलायला तयार असतील तर ती वाट आधी पाहावी. चाकातली हवा काढणे, साखळी लावणे, कुंड्या मांडून जागा अडवणे हे उपाय कुठलाच हक्क निर्माण करत नाहीत. उलट पुढे न्यायालयात गेलात तर त्यांचे फोटो समोरच्याच्या फाइलमध्ये दिसतात.

शेवटचा आक्षेप कायद्याचा नाही, स्वभावाचा आहे. ‘इतकी वर्षे गोडीने राहिलो, आता जाता जाता कागद कशाला? नवा माणूसही समजूतदार असेल.’ असेलही. पण त्याचा समजूतदारपणा तुमच्या आणि जुन्या शेजाऱ्याच्या बोलण्यावर आधारलेला नसेल, कारण ते बोलणे त्याने ऐकलेलेच नाही. त्याने जाहिरात वाचली, पैसे मोजले, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर मागे गाडी लावणारे तुम्हीच अतिक्रमण करणारे आहात. त्याला हटवादी ठरवण्याआधी त्याला काय सांगून घर विकले गेले, हे पाहावे लागेल. आणि ते सांगू शकणारी माणसे दोनच: जाणारा आणि राहणारा. या दोघांत अजून ओळख आहे, बोलणे आहे, एकमेकांच्या गाडीची किल्ली आहे. सामान ट्रकमध्ये चढले की ती किल्लीही जाते. म्हणून जुन्या शेजाराची शेवटची सोय म्हणजे ती वीतभर समजूत दोघांनी मिळून कागदावर उतरवून नव्या शेजाऱ्याच्या हाती देणे.